जाताना साडेनऊ तास, येताना दीड दिवस

मुंबईहून व्हँकुव्हरला जायला साडेनऊ तास लागतात आणि व्हँकुव्हरहून मुंबईला यायला दीड दिवस, असं भाऊ विजयकरांनी सांगितलं होतं आणि आमच्या इंदुप्रभा सोसायटीने ते मान्य केलं होतं. मान्य करायला जड काहीच नव्हतं. माहेरी जाताना एसटीला लागणारा वेळ आणि माहेराहून परतताना लागणारा वेळ सारखा नसतो, हा सोसायटीतल्या यच्चयावत बायकांचा अनुभव होता. फक्त त्याला कुणी आकडा लावला नव्हता. तो भाऊंनी लावला.

सोसायटी अंधेरी पूर्वेला, चकाल्यात. तीन मजले, मागच्या अंगाला गॅलऱ्या, आणि गॅलऱ्यांपुढे सहारच्या विमानतळापर्यंत पसरलेलं बरंचसं आभाळ. खाली तेव्हा अजून मोकळी जमीन होती, काही ताड, एक तबेला. विमान उठलं की म्हशी मान वर करत नसत. माणसं करत.

भाऊंचं खरं नाव मार्तंड. ते दोघांनाच ठाऊक होतं, रेशनकार्डाला आणि त्यांच्या बायकोला, आणि बायको ते कधी घेत नसे. उभी नोकरी त्यांनी चर्चगेटच्या रेल्वेच्या कचेरीत, वेळापत्रकाच्या खात्यात काढली. दिल्लीकडे जाणारी गाडी रतलामला किती वाजता पोचावी आणि तिथे किती थांबावी, हे त्यांच्या टेबलावर ठरत असे. रतलाम त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहावंसं वाटलं नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणत, “वेळेवर येतं ना रतलाम? मग झालं.” जणू गाडी एका जागी उभी असते आणि गावंच एकामागून एक येऊन भेटून जातात. भाऊंच्या बोलण्याचा असा एक परिणाम व्हायचा. ऐकणाऱ्याला क्षणभर तसंच दिसायचं.

ते निवृत्त झाले आणि वर्षा-दोन वर्षांत सहारचा नवा विमानतळ उघडला. तेवढ्यात सोसायटीची पोरंही उडण्याच्या वयाला आली. एकेका घरातून एकेक जण निघायला लागलं. कुणी शिकायला, कुणी नोकरीला, कुणी लग्न होऊन. त्यातून एक पंचाईत उभी राहिली.

आमच्याकडे घरातलं माणूस गावाला निघालं, की ते मुक्कामाला पोचेपर्यंत मागे केर काढत नाहीत. का, ते विचारायचं नसतं. केराबरोबर त्याची पावलं जातात असं कुणी म्हणतं, कुणी तेवढंही म्हणत नाही. जोवर माणसं रत्नागिरीला किंवा नागपूरला जात होती तोवर हे जमण्यासारखं होतं. संध्याकाळी निघालेला माणूस सकाळी पोचला असं धरायचं आणि झाडू उचलायचा. पण न्यूयॉर्कला निघालेला मुलगा पोचला कधी असं धरायचं? मोलकरीण दारात उभी, तिला पुढची चार घरं आहेत, आणि मुलगा नक्की कुठे आहे हे देवालाच ठाऊक.

देवानंतर भाऊंना. त्यांनी एका विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन वेळापत्रक पैदा केलं. वेळापत्रक ते नुसतं वाचत नसत. गवई कागदावरची चीज बघून गुणगुणतो, तसे ते आकड्यांवरून बोट फिरवत गुणगुणत. भिंतीवर जगाचा नकाशा टांगला. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन ते एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत ताणत, दोरा खालच्या मापपट्टीवर धरत आणि अंतर सांगत. मग वेळापत्रकातली सुटायची वेळ, पोचायची वेळ, वजाबाकी. इतके तास. म्हणजे अमुक वाजता केर काढायला हरकत नाही.

या वजाबाकीत एक गोष्ट होती. भाऊंच्या लहानपणी मुंबईत दोन वेळा चालत, एक शहराची आणि एक रेल्वेची, आणि दोन्हींत एकोणचाळीस मिनिटांचं अंतर असे. त्यांच्या एका मावशीच्या लग्नाला वरपक्ष रेल्वेच्या वेळेने हजर झाला आणि भटजी शहराच्या. ते लग्न मुहूर्तावर लागलं की नाही, हा वाद मावशीच्या संसारभर पुरला. रेल्वेने ही कटकट कायमची मिटवली, देशभर एक घड्याळ चालवलं, याचा भाऊंना आपण स्वतः मिटवल्यासारखा अभिमान होता. द्वारकेला सूर्य उशिरा उगवतो म्हणून गाडी उशिरा सुटत नाही. “ज्या वेळापत्रकात दर स्टेशनचं घड्याळ वेगळं, ते वेळापत्रक नव्हे, पंचांग,” असं ते म्हणत. लंडनला घड्याळ मागे असतं हे त्यांना ठाऊक होतं. क्रिकेटच्या कॉमेंट्रीमुळे ते सगळ्या मुंबईला ठाऊक होतं. पण ती लंडनच्या लोकांची घरातली बाब झाली. मुंबईत वाटलेलं वेळापत्रक मुंबईच्या घड्याळानेच चालणार.

त्यामुळे सकाळी सातला सहारहून निघालेलं विमान साडेअकराला लंडनला टेकायचं. तिथून तीनला दुसरं विमान, ते साडेचारला व्हँकुव्हरला. या हिशोबाने विमानाचा वेग कंपनी सांगते त्याच्या दुप्पट-तिप्पट निघे. भाऊंना त्यात कंपनीचा विनय दिसला. “आमच्याकडे उलट होतं,” ते म्हणाले. “आम्ही वेग जास्त सांगायचो.”

परतीच्या दीड दिवसाचं कारण त्यांनी वारा असं ठरवलं. त्याला दुजोरा मिळाला तो वर्सोव्याच्या सगुणाकडून. सगुणा आमच्याकडे मासे घेऊन यायची, कोळीवाड्यातली, नवऱ्याची होडी. पाटी उतरवता उतरवता ती म्हणाली, “मग? वाऱ्यासंगं जायाचं आन् वाऱ्याच्या तोंडावर यायाचं, एकच हाय का? आमचा धनी जातं भुर्रकन, नि येताना बसतं भरतीच्या पान्याची वाट बगीत. तुमचा इमान काय येगला हाय?”

“बघा,” भाऊ म्हणाले.

पण आकडे हा भाऊंच्या कामाचा अर्धाच भाग होता. ज्या दिवशी कुणी निघे, त्या दिवशी दुपारची कामं आटोपली की बायका निवडायची भाजी घेऊन भाऊंच्या मागच्या गॅलरीत येत. आरामखुर्चीत भाऊ, मांडीवर वेळापत्रक, डोळे मिटलेले.

“भाऊ, आता कुठे असेल हो आमचा?”

“मस्कत मागे पडलं,” भाऊ म्हणत. “खाली वाळू. वाळूला लाटा असतात. वरून बघितलं तर समुद्र कुठे संपला ते कळत नाही, फक्त रंग बदलतो. मधेच एक काळा ठिपका. तंबू. त्याच्या दारात एक बाई उभी आहे, तिने विमान बघितलं.”

“आणि?”

“आणि पीठ मळायला आत गेली.”

गवारीच्या शेंगा मोडायच्या थांबत. नंतर डोंगर येत. आल्प्सचे डोंगर भाऊ माहुलीच्या किल्ल्यासारखे सांगत, फक्त वर पिठीसाखर. नद्या येत, त्यांच्यावरचे पूल, पुलावर एक सायकलवाला. तीस हजार फुटांवरून सायकलवाला दिसतो का, असं एकदा एका जावयाने विचारलं. तो सायकलवाला सगळ्यांनी पाहिलेला होता.

चौऱ्याऐंशी साली भाऊंची मुलगी शुभा व्हँकुव्हरला बाळंत व्हायची होती. नवरा तिथे कागदाच्या गिरणीत इंजिनियर. जानेवारीतच आईने यावं असं ठरलं. तिकीट एकीचंच आलं. भाऊंना कुणी विचारलं, तुम्ही नाही जात? तर म्हणाले, “दोघंही गेलो तर मागे केर न काढायला कोण?”

मृणालिनीवहिनी कधी विमानात बसल्या नव्हत्या. पुण्यापलीकडे एकट्या गेल्या नव्हत्या. इंग्रजी समजायचं, बोलायचा प्रसंग आलेला नव्हता. बोलणं एकूणच कमी. भाऊंच्या बैठकी चालू असताना त्या आत चहा टाकत, आणि बायका निघताना दाराशी त्यांच्याशी दोन शब्द बोलून जात. तेवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊंनी त्यांना समोर बसवलं.

“हे घड्याळ. विमानात लोक घड्याळं फिरवत बसतात. तू हात लावायचा नाहीस. आपलं घड्याळ बरोबर आहे.”

“बरं.”

“साडेअकराला लंडन. उतरायचं. तीनला दुसरं विमान. तुझ्या मनगटावर तीन वाजायच्या आत तू त्या विमानात बसलेली पाहिजेस.”

“आणि नसले तर?”

“तर ते गेलं.”

“आणि मी?”

भाऊंनी नकाशाकडे पाहिलं. “असं होत नाही,” ते म्हणाले. “नंतर मग काही नाही, आधी समुद्र, मग गहू. गहूच गहू. तू झोप.”

शनिवारी पहाटे ते त्यांना सहारला सोडून आले. सात वाजून गेल्यावर एक विमान उठलं, पार्ल्याच्या अंगाने वळलं आणि समुद्राकडे बारीक होत गेलं. ते त्यांचंच असावं. भाऊंनी गॅलरीत उभं राहून बघितलं. मग आत आले. घरात कालच्या बांधाबांधीचा पसारा होता, सुतळीचे तुकडे, मेथीच्या लाडवांचा चुरा, कापूस. मोलकरणीला त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

त्या दिवशी बायका सकाळीच आल्या, कामं टाकून. खालच्या मजल्यावरची शकु आली. तिचा नवरा चंद्रप्रकाश टेलिफोन खात्यात, त्यामुळे सोसायटीतला एकुलता फोन तिच्याकडे होता.

“भाऊ, वहिनी कुठे पोचल्या?”

भाऊंनी डोळे मिटले. “मस्कत…” ते म्हणाले आणि थांबले.

इतक्या वर्षांत त्यांनी कितीजणांना नेऊन पोचवलं होतं. पण ते सगळं खिडकीच्या बाहेरचं होतं. खिडकीच्या आत कोण बसलंय, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता वाळू दिसेना. दिसत होतं ते मांडीवर ठेवलेलं काळं पाकीट आणि त्याचा बंद घट्ट धरलेली दोन बोटं. कानात कापूस. पट्टा सोडू की नको, हे कुणाला विचारायचं म्हणून तसाच बांधून बसलेलं माणूस.

“वाळू असेल ना खाली?” शकुने आठवण करून दिली.

“असेल,” भाऊ म्हणाले.

बायका जरा वेळ बसल्या आणि उठून गेल्या. भाऊंनी एकट्यानेच पुढचं काम केलं. साडेअकराला लंडनला उतरवलं. तीनला त्यांना दुसऱ्या विमानात बसवलं, समुद्र ओलांडला, घाईघाईने गहू आटोपला आणि साडेचारला व्हँकुव्हरला टेकवलं. शुभा दारात उभी होती, पोट पुढे, हसत. झालं. ते उठले, दारामागचा झाडू घेतला आणि वाकले.

“भाऊ! ठेवा, ठेवा तो झाडू आधी!”

शकु जिन्यातून धावत वर आली होती. झाडूचा आवाज खाली जातो असं नव्हे. पण ती साडेचारकडे डोळे लावून बसली होती.

“अगं, पोचली ती.”

“नाही पोचल्या. वहिनींनी मला शपथ घातलीय. फोन येईपर्यंत यांना झाडूला हात लावू द्यायचा नाही म्हणाल्या.”

“वेळापत्रकात साडेचार…”

“भाऊ, राग मानू नका हं.” शकुने झाडू त्यांच्या हातून काढून घेतला. “तुमच्या वेळेवर या बिल्डिंगमध्ये आजवर कुण्णी केर काढलेला नाही.”

भाऊ खुर्चीत बसले. “कुणीच नाही?”

“तुम्ही वेळ सांगायचात. मग आम्ही निघताना वहिनी दाराशी सांगायच्या, आजचा दिवस राहू दे गं केर. फोन नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो ना सगळ्यांचा, म्हणजे पोचतपण तेव्हाच असणार.”

“लाइन मिळत नाही म्हणून उशिरा येतो फोन.”

“सगळ्यांनाच कशी मिळणार नाही? आमचे हे त्याच खात्यात आहेत,” शकु म्हणाली. मग तिला वाटलं हे अगदीच कच्चं कारण झालं, कारण त्या खात्यात सगळ्यांनाच लाइन न मिळणं अशक्य नव्हतं. “पण तरी.”

“मग मला विचारायला का यायचात?”

“ऐकायला!” शकुला प्रश्नच कळेना. “पोरगं निघालं की नुसतं नाहीसं होतं हो. तुम्ही सांगायला लागलात की ते कुठेतरी आहे असं वाटतं.”

ती झाडू घेऊनच खाली गेली. विश्वास नव्हता.

भाऊंनी वेळापत्रक उघडलं, पहिलं पान. हे पान त्यांनी कधी वाचलं नव्हतं. स्वतः इतकी वर्षं अशी पहिली पानं लिहिलेल्या माणसाला ती कुणी वाचत नाही हे पक्कं माहीत असतं. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं की सर्व वेळा त्या त्या गावच्या आहेत. म्हणजे पंचांगच. त्यांनी हिशोब पुन्हा मांडला. तो एकदाच मांडावा लागला.

मृणालिनी व्हँकुव्हरला नव्हती. गव्हावर नव्हती. ती या घटकेला लंडनलासुद्धा पोचलेली नव्हती. अजून अर्ध्या तासाने ती तिथे उतरेल, आणि तिच्या मनगटावर पाच वाजलेले असतील. तीनचं विमान केव्हाच गेलं, असं ते मनगट तिला सांगेल. घड्याळाला हात लावू नकोस, असं बजावून पाठवलेलं मनगट.

पुढे ती काय करेल हे भाऊंना नकाशाशिवाय दिसत होतं. एकदा पनवेलला त्यांची चुकामूक झाली होती आणि तिची एसटी गेली होती. तिने कुणाला काही विचारलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली, आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली. मागून भाऊ पोचले तेव्हा म्हणाली, “आलात?” लंडनला मागून कुणी पोचणार नव्हतं.

चंद्रप्रकाश घरी आल्यावर त्यांनी त्याला लंडनच्या विमानतळाला फोन लावायला सांगितलं. त्याने खात्यातली ओळख वापरून ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या बाईला गाठलं.

“पार्टीचं नाव काय विचारतेय,” रिसीव्हरवर हात ठेवून तो म्हणाला.

“मृणालिनी विजयकर. तपकिरी कोट. शुभाच्या वडिलांचा आहे म्हणावं, म्हणजे माझाच, बाह्या लांब आहेत. कानात कापूस.”

चंद्रप्रकाशने भाऊंकडे पाहिलं, रिसीव्हरमध्ये हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला. “ट्राय करतायत,” तो म्हणाला. तो सरकारी माणूस होता. दयाळू खोटं त्याला सवयीने जमायचं.

दिवेलागणीला बायका परत आल्या. या वेळी भाजी नव्हती. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि कुणीच कुठे पोचल्या असं विचारलं नाही. भाऊ मांडीवर काही न घेता बसले होते. समोर सहारचे दिवे लागले. एक विमान उठलं, एक उतरलं, दोन्हींत कोण कोणाचं होतं कोण जाणे.

शकु म्हणाली, “मी सांगू का, आता कुठे आहेत वहिनी?”

भाऊ तिच्याकडे वळले.

“बाकावर बसल्यात,” शकु म्हणाली. “पाकीट मांडीवर. आणि शेजारी एक सरदारजी येऊन बसलाय.”

“सरदारजी कुठून आला?”

“विमानतळावर असतोच हो एखादा सरदारजी. तोपण तिकडेच निघालाय, त्याची सून बाळंत व्हायचीय. डब्यातनं पराठा काढतो, म्हणतो, बहेनजी, लो. वहिनी नको म्हणतात.”

“लोणचं असेल तर घेईल,” भाऊ म्हणाले.

“आहे ना लोणचं. मिरचीचं. मग घेतात थोडं. तो विचारतो, किधर जाना है? आता नाव तर सांगावंच लागणार, लोणचं खाल्लंय.”

“मग?”

आयुष्यात पहिल्यांदा भाऊंनी ऐकणाऱ्याचं “मग?” म्हटलं. शकुला जोर चढला. तिने सरदारजीला उठवलं, वहिनींना त्याच्या मागून चालवलं, हलणारा जिना मधे आणला, त्यावर एकीने वहिनींची चप्पल अडकवली आणि दुसरीने सोडवली. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. खरं काय ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि शकुलाही. पण बाक रिकामा झाला, आणि तेवढ्यावर रात्र काढता आली.

रविवारी सगुणा आली तेव्हा भाऊ शकुच्या घरी, फोनच्या शेजारच्या स्टुलावर बसलेले होते.

“आयली का खबर बायची?”

“नाही.”

“येल. माजी सासू सांगं, पान्यावरच्या मानसाला कवा येल, कवा पोचल इचारायचं नाय. इचारलं का त्ये दोन हात लांब जातं.” तिने पाटीवरचं फडकं सारलं. “बोंबील बगा.”

ती बोंबील दाखवत होती तेव्हाच फोन वाजला. शकुने उचलला, ऐकलं आणि भाऊंच्या कानाला लावला. खूप लांबून, पाण्याखालून यावा तसा आवाज आला.

“अहो, मी.”

“पोचलीस?”

“पोचले म्हणून तर बोलतेय.”

“लंडनला…” ते म्हणाले. “घड्याळ…”

“हो ना. उतरले तर पाच वाजलेले. म्हटलं गेलं विमान. बसले.”

“बाकावर.”

“बाकावरच. मग समोर बघते तर एक बाई केर काढतेय. इतकी माणसं निघालेली, दर मिनिटाला कुणीतरी जातंय, आणि ही आपली खुशाल केर काढतेय. मला राहवेना. उठले आणि म्हटलं, अहो, थांबा की जरा.”

“मराठीत?”

“मराठीतच निघालं तोंडातून. ती पंजाबी निघाली. हसायला लागली. तिकीट बघितलं, म्हणाली, अजून तीन तास आहेत, घड्याळ मागे करा. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी नको सांगितलंय. मग तिनेच केलं.”

पलीकडून शुभाचा आवाज आला, “आई, मिनिटं जातायत.”

“बोलू दे तिला,” भाऊ ओरडले. मग हळू म्हणाले, “गहू दिसला?”

“कसला गहू हो? सगळा बर्फ. तुम्ही दोरा ताणला तसं विमान जातच नाही, वरून वळून जातं. समुद्र गोठलेला, त्याला भेगा. आणि संध्याकाळ. तीनला निघालो, थोड्या वेळात तिन्हीसांजा झाल्या. मी हात जोडले. खिडकीत लाल पट्टा. म्हटलं आता काळोख होईल. होईचना. सूर्य पुढे आणि आम्ही त्याच्या मागे. दोन तासांनी बघते, तोच पट्टा. जेवण झालं, लोक झोपले, तोच पट्टा. पुन्हा हात जोडले. म्हटलं दिवा कधी लावायचा माणसाने?”

“मग?”

“मग काय. आयुष्यात संध्याकाळ कधी अशी बसून बघितली नव्हती. तेव्हाच नेमका कुकर लावायचा असतो. नऊ तास बघितली. शुभाच्या दारात पाऊल टाकलं आणि मग काळोख झाला.” मग तिने विचारलं, “तिथे काय आहे?”

“इथे रविवार आहे,” भाऊ म्हणाले. “सकाळ.”

“हो का? मला तो अजून यायचाय. कसा आहे?”

भाऊंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला आणि शकुच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. डोळे उघडे ठेवून सांगायची त्यांना सवय नव्हती.

“थंडी आहे थोडी,” त्यांनी सुरुवात केली. “सगुणा आलीय. बोंबील ताजे दिसतायत. तबेल्यातून धूर निघतोय, सरळ वर चाललाय, म्हणजे वारा नाही. एक म्हैस बाहेर काढलीय, तिच्या पाठीवर बगळा आहे. शकु रडतेय.”

“मी कुठे रडतेय!” शकु म्हणाली.

“नाही म्हणतेय,” भाऊ म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.